पोरी पाणी का पीत नव्हत्या

आमच्या आयटीआयमधला निरोगी सवयींचा कार्यक्रम माझ्या गळ्यात पडला तो माझ्या आवाजामुळे, दुसरं काही कारण नाही. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, हे कोण बघणार, आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. लेथ मशिनच्या खडखडाटात इतकी वर्षं शिकवून माझा आवाज असा झालाय की घरी मी नुसतं भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी शेजारच्यांना भांडण लागल्यासारखं वाटतं. "मॅडम, पोरं तुमचं ऐकतात," प्राचार्य म्हणाले. ऐकतात कसली, घाबरतात! पण म्हटलं, ठीक आहे, घाबरून का होईना, चार पोरं सकाळी खाऊन यायला लागली तरी पुष्कळ झालं.

मी टर्नर ट्रेड शिकवते. लेथवर लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो, आपण हत्यार टेकवून त्याला आकार द्यायचा, आटे पाडायचे, थोडक्यात असं ते काम. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना अशी माणसं लागतात, म्हणून आमच्यासारख्या लहानशा खाजगी आयटीआय चालतात. आमची कुठली ते विचारू नका. पोरं येतात सिन्नरहून, दिंडोरीहून, पार त्र्यंबकेश्वरच्या पलीकडून, पहाटेची एसटी धरून. पोटात एक कप चहा. गेटवर आल्यावर वडापाव, आणि त्यावर ती रंगीत थंड बाटली, जी प्यायली की म्हणे अंगात ताकद येते. रात्री मोबाइल, आणि दिवसा लोखंड पकडून गरगरणाऱ्या चकसमोर उभं राहून माझ्या तोंडावर जांभया. अहो, चकला जांभई कळत नाही. बोट गेलं म्हणजे गेलं.

तर मी कामाला लागले. आधी तंबाखूच्या पुड्यांच्या मागे लागले. पुड्या कुठे लपवायच्या याबाबतीत आमच्या मुलांचं डोकं जे चालतं, ते ड्रॉइंगच्या तासाला चाललं असतं तर आज सगळे साहेब झाले असते. मोज्यात काय, टोपीच्या घडीत काय, एकाने तर मशीन थंड ठेवायच्या कुलंटच्या डब्यामागे खास जागा केली होती. ती मोहीम अजून चालूच आहे, हरले नाही आणि जिंकलेही नाही. नाश्त्याचं मात्र जमलं. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये, एक मोठा डबा ठेवला, त्यात फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचे खडे. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने मूठभर खायचे, माझ्यासमोर, चावून. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पुढे पुढे डबा रिकामा झाला की मलाच ओरडा बसायला लागला.

आणि मग पाणी. हा सगळ्यात सोपा विषय, असं मला वाटलं होतं. आमचं शॉप पत्र्याचं. होळी झाली की आत भट्टी होते. मी रुळाचा एक तुकडा दारात टांगला आणि तास अर्ध्यावर आला की त्यावर हातोडा घालून ओरडायची, "पाणी!" सगळ्यांनी मशीन बंद करायचं आणि बाटली तोंडाला लावायची. मुलं घटाघटा प्यायची, निम्मं अंगावर सांडायची, एकमेकांच्या मानेवर ओतायची. मुलीही बाटल्या उचलायच्या. छान छान बाटल्या त्यांच्या, गुलाबी, जांभळ्या, कुणाच्या झाकणाला मणी लावलेले.

मुली माझ्याकडे मूठभरच. मी त्यांना गावावरून हाक मारते. नाव लक्षात राहत नाही असं नाही, पण "ए चांदवड!" म्हटलं की पोर जी ताठ उभी राहते, ती नावाने राहत नाही. तर या चांदवडबद्दल, नामपूरबद्दल आणि बाकीच्यांबद्दल मला एक गोष्ट हळूहळू खटकायला लागली. संध्याकाळी बाटल्या भरलेल्याच असायच्या. आणि शॉपच्या मागच्या खिडकीखाली एक पपईचं झाड आलं होतं. कुणी लावलं नव्हतं, कुणी तरी बिया थुंकल्या असतील. कडक उन्हात बाकी सगळं वाळून कोळ झालेलं आणि ही पपई आपली हिरवीगार, तरारलेली.

मी मुलींना विचारलं, "पाणी पिता की पपईला पाजता?"

"पितो ना मॅडम," सगळ्या एका सुरात.

एकदा नामपूरच्या गालात काहीतरी गोळा दिसला. माझा पाराच चढला. म्हटलं, आता मुलीही? "थुंक!" म्हणून ओरडले, सगळ्या शॉपसमोर. ती बिचारी कावरीबावरी झाली, हात पुढे केला आणि तळव्यावर निघाली आवळासुपारी. मीठ लावून वाळवलेला आवळ्याचा तुकडा! मी म्हटलं, "बरं बरं, चघळ," आणि तोंड फिरवून दुसऱ्या मशीनकडे गेले. ती ते कशासाठी चघळते, हे विचारायचं मला सुचलं नाही. तोंड ओलं राहावं म्हणून चघळत होती. सगळ्याच चघळत होत्या, हे मला नंतर कळलं.

चांदवडबद्दल नीट सांगायला हवं, कारण हे सगळं तिचंच आहे. काटकुळी मुलगी, लांब वेणी टोपीखाली पिना लावून दाबलेली. बोलायला कमी. पण हात! काय हात होता तिचा! आटे पाडणं म्हणजे धीराचं काम, जरा घाई केली की जॉब, म्हणजे हातातला तो तुकडा, भंगारात. तिने पाडलेल्या आट्यांवर नट नुसता टेकवला तरी आपोआप फिरत खाली जायचा. अंबडच्या एका कारखान्याचे लोक आमच्याकडे येऊन गेले, त्यांनी तिचा जॉब हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, परीक्षा झाली की हिला आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून पाठवा. परीक्षा तोंडावर आलेली.

पण तिच्या घरची एक अट होती. वडील ट्रकवर, कधीतरी घरी येणार. घरातलं सगळं आईच्या हातात, आणि आई तिकडे गावी कांद्याच्या खळ्यावर कामाला. खळं म्हणजे जिथे कांदा निवडून, लहान-मोठा वेगळा करून गोण्या भरतात. तर आईने लेकीला इथे भाड्याच्या रूमवर राहायला पाठवताना बजावलं होतं: मशीनचं काम आहे, अंगाला काही झालं, कुठे दुखलं-खुपलं, की त्याच दिवशी गाठोडं उचलून घरी. मामाने एक स्थळ आणून ठेवलेलंच होतं. त्यामुळे ही मुलगी कधी दुखतंय म्हणायची नाही. बोट कापलं तरी चिंधी बांधून उभी.

आणि त्या दिवशी चालत्या मशीनसमोर ती एकदम वाकली. तेवढ्यातही लाल बटण दाबून मशीन बंद केलं आणि मगच पोट धरून खाली बसली. मी धावले. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, कपाळावर घाम. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणते, "काही नाही मॅडम, उष्णता आहे. सब्जा खाल्ला की बरं वाटेल."

"सब्जाची बाई!" मी ओरडले. "ऊठ आधी."

रिक्षात घालून तिला जवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, दोन-चार प्रश्न विचारले. पाणी किती पितेस?  लघवीला दिवसातून कितीदा जातेस? ही माझ्याकडे बघते. मी म्हटलं, "मी तोंड फिरवते, सांग." मग खालच्या आवाजात म्हणाली, "सकाळी रूमवरून निघताना. आणि संध्याकाळी रूमवर गेल्यावर." मधे? मधे नाही. आग होते का? होते. कधीपासून? बऱ्याच दिवसांपासून.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. लघवीचा संसर्ग आहे, म्हणाल्या, आणि तो वर चढायला लागलाय. आता औषध दिलं, पाणी प्यायलीस तर खडखडीत बरी होशील. आणखी महिनाभर अंगावर काढलं असतंस तर मूत्रपिंडापर्यंत गेलं असतं, मग मी काही करू शकले नसते, मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं.  रोज रुळावर हातोडा आपटणारी मी, आणि माझ्या नाकासमोर ही पोर सुकत होती.

परतीच्या रिक्षात मी तिला फाडून खाल्लं. घसा फाटेस्तोवर मी पाणी पाणी करते, तुम्ही पपईला पाजता, तुम्हाला डोकी आहेत की नाहीत, वगैरे. रिक्षावालासुद्धा आरशातून बघायला लागला.  मग ती रडायलाच लागली, हुंदके देऊन, आणि त्या हुंदक्यांत एक शब्द आला.

"मॅडम, बॉयलर सूट."

बॉयलर सूट म्हणजे आमच्या शॉपचा गणवेश. गडद निळा, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, पुढे चेन. मशीनजवळ सैल काही लोंबायला नको, म्हणून. तो मुलींना मिळाला त्या दिवशी काय थाट! आधी मुलींना एप्रन मिळायचे, या बॅचपासून मुलांसारखेच सूट. अंगात घालून, खिशात मोजमापाचा व्हर्निअर खोचून फोटो काढले. नामपूरने स्टेटसला ठेवला तर तिच्या काकाने खाली 'आमची इंजिनियर' असं लिहिलं. घरी जाताना सूट काढून पिशवीत टाकायचा, तर या एसटीतसुद्धा घालून जायच्या. मला बाई फार कौतुक वाटायचं. मी स्वतः ड्रेसवर निळा कोट घालते. त्या सुटात बाईमाणूस बाथरूमला कसं जात असेल, हा विचार माझ्या काय, शॉपमधल्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चांदवडला रूमवर झोपवून ठेवलं आणि बाकीच्या मुलींना मी हत्यारांच्या खोलीत घेतलं, दार लावलं. म्हटलं, बोला.  मग नामपूरने तोंड उघडलं आणि मग सगळ्या एकदमच सुटल्या.

"मॅडम, आख्खा सूट खांद्यापासून उतरवायला लागतो."

"आणि फरशी ओली असते. बाह्या लोळतात."

"बाह्या दातांत धरायच्या मॅडम! एका हाताने ड्रेस, एका हाताने सूट, आणि बाह्या अशा, दातांत." त्र्यंबकच्या मुलीने करून दाखवलं. मला हसू यायला नको होतं, पण आलं, आणि मग सगळ्याच हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि कडी तुटलेली. म्हणजे एक आत गेली की दुसरीने दार धरून उभं राहायचं. म्हणजे दोन मशीनं बंद. शिवाय वाटेत वेल्डिंगच्या मुलांचा बाक, तिथून दोघी गेल्या की आवाज यायचा, "निघाली पार्टी!" त्यापेक्षा पाणीच नको. सकाळी निघाल्यापासून घोटभरसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. कुणाला तहान लागली तर आवळासुपारी.

"अगं पण मला सांगायला काय झालं होतं?" मी म्हटलं. "मी काय वाघ आहे?"

कुणीच 'नाही' म्हणालं नाही. मग नामपूर म्हणाली, "मॅडम, सूट जमत नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, पोरींना झेपत नाही. परत एप्रन दिले असते. नाहीतर शिवण ट्रेडला जा म्हटलं असतं."

मला राग आला. कुणाचा ते मलाच कळेना. त्या बाकावरच्या पोरांचा आला, तुटक्या कडीचा आला, या मुलींच्या तोंडाला लागलेल्या कुलपाचा आला. दिवसभर तहानेने सुकायचं, आग सोसायची, पण आपल्याला झेपत नाही असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. अशा हट्टाला करायचं काय? मी त्यांना रागावणार होते, पण तसं काही तोंडातून निघालं नाही. "चला," म्हटलं, "आधी कडी."

कडी त्याच दुपारी बसली. मुलींनीच बसवली, फिटर लागतोच कशाला. बाक मी स्वतः फरफटत वेल्डिंग शॉपच्या पार मागे नेला, आणि त्या पोरांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण सुटाचं काय? मी प्राचार्यांकडे गेले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शर्ट-पँट दिली आणि शर्टाचं टोक चकमध्ये गेलं तर? "एकसंधच हवं मॅडम, त्यात मी तडजोड करणार नाही." मी पाय आपटत बाहेर आले, कारण दुसरं काही आपटण्यासारखं जवळ नव्हतं.

शिवण ट्रेडच्या मॅडम माझ्या चहाच्या सोबतीण. मी जितकी भडक तितक्या त्या थंड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक सूट मला कापायला दे." दोन दिवस त्यांच्या मुली आणि माझ्या मुली डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. सूट कमरेत कापला. खाली पँटला इलॅस्टिक. वरच्या भागाला खाली घट्ट पट्टा, आणि तो आतून टिचबटणांनी पँटला जोडलेला, वरून झाकायला कापडाची पट्टी. बाहेरून बघाल तर तोच सूट. काही लोंबत नाही, काही सुटत नाही. आत गेलं की चट्चट् बटणं काढायची आणि पँट तेवढी खाली. प्राचार्यांनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला, मग मशीनसमोर नामपूरला वाकायला लावलं, हात वर करायला लावला. बराच वेळ चष्म्यातून बघितलं. मग म्हणाले, "सगळ्यांचे करा." हुश्श! मी तिथल्या तिथे खुर्चीत बसले.

पण तोवर चांदवडच्या घरमालकिणीने तिच्या आईला फोन करून टाकला होता. पोर आजारी आहे, दवाखान्यात नेली होती. आईने एवढंच सांगितलं: शनिवारी येते, सामान बांधून ठेव.

चांदवड शॉपमध्ये आली तेव्हा बरीच सावरली होती. ताप गेला होता, आग कमी झाली होती, हातात बाटली आणि ती खरंच अर्धी झालेली. पण तोंड एवढंसं. "मॅडम, आई नेणारच," म्हणाली. "तिने एकदा ठरवलं की ठरवलं." मी म्हटलं, बघते मी. म्हटलं खरं, पण माझाच भरवसा नव्हता. परीक्षेला थोडके दिवस राहिलेले. एकदा ही मुलगी घरी गेली की ते स्थळ, तो मामा, आणि मग ते हात आयुष्यभर काय करणार?

शनिवारी आई आली. लेकीसारखीच काटकुळी, हिरवं लुगडं, खांद्यावर एक मोठी रिकामी पिशवी. सामान न्यायला आणलेली. मी त्यांना शॉपच्या बाहेर, पपईजवळच्या खुर्चीवर बसवलं. लेक बाजूला उभी.

"मॅडम, तुम्ही पोरीसाठी धावपळ केली, तुमचे लय उपकार झाले," आई म्हणाली. "पण आता मी तिला नेते."

मी समजावायला लागले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, नवा सूट आणून दाखवला, बटणं उघडून, लावून दाखवली. कारखान्याचं सांगितलं. माझा आवाज चढतच गेला. शॉपमधली मशीनं एकेक बंद व्हायला लागली, सगळे कान देऊन ऐकत होते. 

"तुम्ही शिकलेल्या हाय, तुमचं बरोबर असंल," ती म्हणाली. "पण यंत्राची गरमी वाईट. बाईच्या अंगाला सोसत नाय. आधी पोरीचं अंग, मग बाकी."

 ती काही वाईट बाई नव्हती. लेकीच्या जिवाला भ्यायली होती, मी भ्यायले होते तशीच.  तेवढ्यात नामपूर पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"नको गं," आई म्हणाली. "मला अजून एसटीत बसायचं हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तो ग्लास तसाच तिच्यासमोर धरलेला.

"ताई," मी म्हटलं, माझा आवाज माझा मलाच ओळखू येईना इतका खाली आला होता, "सकाळपासून पाणी प्यायलात का?"

"परवासाला निघताना कोण पितं?"

"आणि खळ्यावर? दिवसभर कांदा निवडता, तेव्हा?"

ती हसली, काय वेडी बाई आहे अशा नजरेने. "तिथं कुठं आडोसा हाय मॅडम? सगळीकडं माणसं, गाड्या. आम्ही बाया घरून निघाल्या की पाणी पीतच नाय. हिलाबी मी तेच शिकवलं, भायेर पडायचं तर आधी तोंड आवरायचं."

"मग दुखत नाही?"

"दुखतं की. आग व्हते. बाईच्या जातीला व्हायचंच ते." तिने पदर सारखा केला. "माझ्या आईलाबी व्हतं."

  बोलली ती चांदवड. इतके दिवस ज्या मुलीचा आवाज मी धड ऐकला नव्हता, ती आईच्या पुढ्यात खाली बसली, तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"आई," ती म्हणाली, "तू तर कधी मशीनला हात लावला नाहीस. मग तुला का दुखतं?"

आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग ग्लासाकडे. मग माझ्या हातातल्या त्या सुटाकडे. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मला सांगता येणार नाही. किती वर्षांचं खळं, किती एसट्या, तिची आई. ती ओठ घट्ट मिटून बसली होती आणि डोळे मात्र भरून आले होते. मलाही रडू फुटलं. लपवलं नाही, लपवून करायचं काय?

मग ती उठली आणि लेकीला म्हणाली, "कुठं हाय तुमचं ते?"

चांदवड तिला घेऊन गेली. वेल्डिंगची दोन पोरं वाटेत उभी होती, ती आपणहून बाजूला झाली. परत आल्यावर आईने ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायली. नामपूरने न विचारता दुसरा भरून दिला. तोही प्यायली, सावकाश, मधे थांबत.

मग तिने खांद्यावरची पिशवी काढली, घडी घातली आणि लेकीच्या हातात दिली. "ही राहू दे तुझ्याजवळ," म्हणाली. "परीक्षा झाली की कपडे घेऊन ये यातून. तुझ्या मामाला मी बघते."

माझा जीव असा भांड्यात पडला की काय सांगू! शॉपमधून कुणीतरी टाळी वाजवली, मी मागे वळून डोळे वटारले, तरी ती थांबेना. एकेक मशीन परत सुरू झालं. चांदवड पिशवी छातीशी धरून तिथेच उभी, तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. मी म्हटलं, "जा, कामाला लाग, बघतेस काय?" ती पळतच आत गेली.

मी आईला गेटपर्यंत सोडायला गेले. एसटीला अवकाश होता. ती गेटपाशी थांबली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, एकदा मागे शॉपकडे बघितलं, लेक ऐकत नाही ना याची खात्री केली.

"मॅडम," ती अगदी हळू म्हणाली, "त्या डॉक्टरीणबाई आज बसल्या असतील का?"

मी रस्त्यावर उतरले आणि रिक्षाला हात केला.